जुनं मशीन बघायला जाताना आपली सगळ्यात खराब कॅसेट न्या

वाचकांचे प्रश्न: कॅसेटवरून डिजिटल

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. स्टुडिओ आणि निर्मिती संस्था जुनी यंत्रं काढून टाकत आहेत, ती स्वस्तात मिळतात, आणि घ्यावीत की नाही ते घेणाऱ्याला ठरवता येत नाही. त्यामुळे आलेली निवडक पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: राजारामपुरीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. १९९० नंतरच्या लग्नांच्या सुमारे ३०० व्हीएचएस आणि एस-व्हीएचएस मास्टर कॅसेट आमच्याकडे आहेत, शिवाय जाहिरातींच्या २५-३० बीटाकॅम एसपी. एक निर्मिती संस्था बंद होते आहे. त्यांच्याकडून सोनी यूव्हीडब्ल्यू-१८००पी (बीटाकॅमचं मशीन), जेव्हीसी बीआर-एस८२२ई (एस-व्हीएचएसचं), रॅकमधला एक टीबीसी (टेपवरचं हलणारं चित्र स्थिर करणारं यंत्र) आणि कॅनोपस एडीव्हीसी-११० (चित्र संगणकात घेणारा डबा) असा संच मिळतो आहे. 'सगळं चालू आहे' असं सांगतात. बघायला अर्धा दिवस मिळेल. नेमकं काय बघू?
(स्टुडिओचालक, राजारामपुरी)

उत्तर: अर्धा दिवस पुरतो, पण तो तुमच्या पद्धतीने वापरा. आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका. पोहोचलात की आधी वरच्या पत्र्यावर तळहात ठेवा. पत्रा कोमट लागला तर मशीन तुमच्यासाठी तापवून ठेवलेलं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची आठ-दहा वर्षं बनलेल्या यंत्रांतले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता सुकलेले किंवा गळलेले असतात, आणि त्यांचा दोष बहुधा थंड मशीनमध्येच उघडा पडतो. चित्रात आडव्या लाटा येतात, रंगात रव्यासारखा दाणा दिसतो, आवाजात घरघर येते. पंधरा मिनिटांत हे सगळं आपोआप सुधारलं तर ते दुखणं बरं झालेलं नाही, झाकलं गेलं आहे. गळलेलं रसायन बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खातं, म्हणून अशा मशीनची किंमत बोर्ड दुरुस्तीचा खर्च वजा करूनच बोला.

सोबत तीन कॅसेट न्या. पहिली टाकाऊ पण धडधाकट, खराब झाली तरी चालेल अशी. दुसरी तुमच्याकडची सगळ्यात वाईट: हलणारी, रंग सुटणारी, एलपीवर, म्हणजे संथ वेगात, घेतलेली असेल तर उत्तमच. मात्र तिची दुसरी प्रत घरी हवी. तिसरी कोरी. एकुलती एक मास्टर अनोळखी मशीनमध्ये घालायची नाही, विक्रेता कितीही भला माणूस असला तरी.

सुरुवात यांत्रिक भागापासून करा, चित्राकडे नंतर बघू. झाकण उघडून टॉर्चने पिंच रोलर, म्हणजे टेप ओढणारा रबरी रोलर, बघा. चांगला रोलर काळा आणि मंद दिसतो. काचेसारखा चकाकत असेल तर रबर कडक झालं आहे, बोटाला चिकटत असेल तर विरघळायला लागलं आहे. आता टाकाऊ कॅसेट घालून दोन मिनिटं चालवा आणि बाहेर काढा. तिच्या बाजूची छोटी खिटी दाबून पुढचं झाकण उचला आणि नुकत्याच चाललेल्या टेपच्या दोन्ही कडा उजेडात तिरक्या धरा. कड सरळ सुरीसारखी दिसली पाहिजे. साडीच्या फॉलला चुण्या पडाव्यात तशी ती दिसली, तर गाइड, म्हणजे टेपला वाट देणारे खांब, सरकलेत किंवा रोलर टेप तिरकी ओढतो आहे. असं मशीन तुमच्या ३०० कॅसेटच्या कडा चेमटवेल. व्हीएचएसमध्ये एका कडेला कंट्रोल ट्रॅक (टेपचा वेग जुळवणाऱ्या खुणा) असतो आणि दुसऱ्या कडेला साधा आवाज, म्हणून हे नुकसान भरून निघत नाही. कॅसेट घालणं-काढणं पाच-सहा वेळा करा, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून बघा. शेवटाकडे वेग रेंगाळला तर बेल्ट किंवा ब्रेकचं काम निघणार.

एवढं पार पडलं की खराब कॅसेट घाला. लग्नाच्या शूटिंगमध्ये तपासणीची उत्तम जागा म्हणजे मांडवाचा खांब किंवा दाराची चौकट. उभी रेघ करवतीच्या दात्यांसारखी थरथरते का ते बघा. बीआर-एस८२२ला टीबीसीचं कार्ड वेगळं बसवावं लागत असे. ते आत आहे का हे आधीच विचारा, मग चालू-बंद करून तीच चौकट पुन्हा बघा. कार्ड नीट असेल तर रेघ डोळ्यांदेखत ताठ होते. काहीच फरक पडला नाही तर कार्ड नाही किंवा मेलं आहे, आणि त्या मशीनची निम्मी ओढ तिथेच संपते. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकत असेल तर टेपचा ताण बिघडलेला असू शकतो. खालच्या काही ओळींत दिसणारी तुटक पट्टी मात्र दोष नाही. टेप वाचणाऱ्या एका हेडकडून दुसऱ्याकडे जाताना ती येतेच, आणि एरवी टीव्हीच्या चौकटीआड झाकलेली असायची.

चित्रावर मुंग्या दिसल्या तर हेड स्वच्छ करून पुन्हा बघू द्या असं सांगा. कापूस वापरू नका, त्याचे धागे अडकतात. शॅमॉय चामड्याची काडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून ती ड्रमवर (हेड बसवलेला फिरता गोल) स्थिर धरायची आणि ड्रम हाताने फिरवायचा. काडी वर-खाली घासली तर हेडचं टोक तुटतं. त्यानंतरही मुंग्या राहिल्या तर कोऱ्या कॅसेटवर पाच मिनिटं रेकॉर्ड करून तीच चालवा. स्वतःचं रेकॉर्डिंग स्वच्छ आणि तुमची कॅसेट अस्वच्छ, म्हणजे हेड शाबूत आहे, टेपचा मार्ग जुळवायला हवा. दोन्हीकडे मुंग्या असतील तर हेड झिजलं.

आवाज दोन्ही वाटांनी ऐका. हाय-फाय आवाज फिरत्या ड्रमवरून येतो, साधा आवाज स्थिर हेडवरून. साधा आवाज घोंगडीआडून आल्यासारखा बोदा असेल तर त्या हेडचा कोन बदलला आहे. एका स्क्रूचं काम आहे, पण त्यासाठी जाणता हात लागतो.

यूव्हीडब्ल्यू-१८००पी बीटाकॅमसाठी चांगली निवड आहे. टीबीसी आतच आहे, लहान आणि मोठी दोन्ही कॅसेट घेतं आणि चित्र कॉम्पोनंटमधून बाहेर देतं. बीटाकॅमवर प्रकाश आणि रंग वेगळे नोंदलेले असतात, ते एकाच पिवळ्या वायरीत कोंबून बाहेर काढलेत तर बीटाकॅम असण्याचा फायदाच गेला. मात्र या मालिकेत आवाजाचे दोनच ट्रॅक आहेत. जाहिरातीच्या मास्टर चार ट्रॅकच्या असतील, म्हणजे तिसरा-चौथा ट्रॅक एएफएमवर (चित्रासोबत ड्रमवरून नोंदलेला आवाज) असेल, तर तो इथे ऐकूच येणार नाही. त्यासाठी बीव्हीडब्ल्यू-७५पी किंवा पीव्हीडब्ल्यू-२८००पी लागतं. आधी तुमच्या कॅसेटवरच्या चिठ्ठ्या वाचा, मग ठरवा.

रॅकमधल्या टीबीसीची परीक्षा सोपी आहे. त्याच्या आउटपुटला कॅप्चर (चित्र संगणकात घेणारं कार्ड किंवा डबा) जोडून चित्र चालू असताना इनपुटची वायर उपटा. बाहेर स्थिर काळा पडदा किंवा थिजलेलं चित्र राहिलं पाहिजे. सिग्नलच गेला किंवा पडदा लोळायला लागला तर तो फ्रेम सांभाळत नाही. नंतर कॅसेटच्या कोऱ्या भागावर, नुसत्या मुंग्यांवर, पाच मिनिटं सोडा, तिथेही तो हलता कामा नये. रंगपट्ट्या देऊन ठरलेल्या जागी ठिपके किंवा उभ्या फिकट रेघा दिसतात का बघा. त्या असतील तर मेमरी चिप जाते आहे. पंखा फिरतोय का हे कानाने नाही, कागदाच्या पट्टीने तपासा. पंखा अडकलेला टीबीसी पाऊण तास नीट चालतो आणि मग ढासळतो.

इथेच बहुतेकांचं एक मोजमाप चुकतं, म्हणून सांगतो. मागच्या बाजूला दोन बीएनसी सॉकेट आणि ७५ ओहमचं बटण असतं. साखळीत शेवटच्या यंत्रावरच ते चालू हवं. कुठेच चालू नसेल तर १ व्होल्टचा सिग्नल २ व्होल्ट होतो आणि चित्र पांढरं फटक दिसतं. दोन ठिकाणी चालू असेल तर तो पाऊण व्होल्टच्याही खाली येतो आणि चित्र मळकट दिसतं. एवढ्यावरून चांगलं यंत्र नाकारलं जातं, किंवा खराब यंत्राला 'बटण चुकलं असेल' म्हणून सूट मिळते.

एडीव्हीसी-११० प्रामाणिक यंत्र आहे. आवाज आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत. पण ते डीव्ही या दाबलेल्या डिजिटल पद्धतीत रूपांतर करतं, आणि पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीत रंग ४:२:० मध्ये, म्हणजे प्रकाशाच्या चौथ्या हिश्श्याइतक्याच तपशिलात, उतरतो. सनगन या प्रखर हातदिव्याच्या उजेडातल्या लाल शालूच्या कडा त्यात फुटतात. त्यासाठी लागणारं फायरवायर पोर्ट आजच्या लॅपटॉपवर नसतं, तेव्हा कार्ड बसवता येईल असा टेबलावरचा संगणक धरा. खालच्या छोट्या बटणांवर पाल निवडलेलं आहे ना, तेही बघा. संचाच्या किमतीत या डब्याला फारसं वजन देऊ नका.

शेवटी एक तास सलग कॅप्चर करा. पाल म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, तासाला बरोबर ९०,०००. फाइलमध्ये फ्रेम कमी निघाल्या तर त्या कुठे गळल्या ते सापडेपर्यंत पैसे देऊ नका. आमचं मत विचाराल तर पैसे टेप चालवणाऱ्या यंत्रांत घाला. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. कॅप्चर कार्ड नवीन मिळतात, ड्रम मिळत नाहीत.

प्रश्न: विक्रेत्याने बीटाकॅम मशीनच्या पडद्यावर ड्रमचे फक्त ४०० तास दाखवले. हे खरं मानू का?
(एडिटर, लक्ष्मीपुरी)

उत्तर: कोणता आकडा दाखवला ते विचारा. सोनीच्या या यंत्रांत तासांची दोन खाती असतात. एच०२ म्हणजे ड्रम जन्मापासून किती तास फिरला, तो शून्यावर आणता येत नाही. एच१२ हे तेच मोजमाप, पण सर्व्हिस करणाऱ्याने हेड बदलल्यावर शून्यावर आणायचं. ४०० हा एच१२ असेल तर हेड बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर एच०२ हाच खरा आकडा समजा. एच०४ही बघा, टेप किती वेळा आत ओढली गेली ते त्यात कळतं. तास कमी आणि हा आकडा फार मोठा असेल तर मशीन छोट्या छोट्या क्लिपसाठी राबलं आहे. अशा वेळी मोटरी आणि गिअर आधी थकतात.

प्रश्न: आमच्या तालमीकडे खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या ६०-७० व्हीएचएस कॅसेट आहेत. बऱ्याच प्रतीवरून प्रत काढलेल्या. साध्या यूएसबी डब्यावर चढवल्या तर चित्र हलतं आणि मध्ये मध्ये निळा पडदा येतो. मंडळाकडे पैसा बेताचा आहे. एकाने जुना एमएक्स-५० मिक्सर 'टीबीसी म्हणून' देऊ केला आहे. घ्यावा का?
(तालीम मंडळाचे कार्यकर्ते, कोल्हापूर)

उत्तर: नको. एमएक्स-५०, एव्हीई-५ यांसारख्या मिक्सरमध्ये फ्रेम जुळवणारं मंडल (सर्किट) आहे, त्यामुळे निळा पडदा थांबेल. पण ओळीओळींतली थरथर ते काढत नाही, उलट आहे तशी गोठवून पुढे देतं. एकदा गोठली की पुढचा कोणताही टीबीसी ती सरळ करू शकत नाही, कारण त्याला वेळेचा संदर्भ देणारे सिंक (ओळींच्या सुरुवातीच्या खुणा) मिक्सरने नव्याने घातलेले असतात. तुमच्या काही प्रती तेव्हाच अशा मिक्सरमधून गेलेल्या असतील. त्या वेगळ्या काढा, त्यांच्यावर खर्च करून उपयोग नाही. त्याच कुस्तीची आधीची प्रत मिळते का, हे जुन्या वस्तादांकडे आणि शूटिंग करणाऱ्यांकडे विचारा. एक पिढी आधीची कॅसेट कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त काम करते.

बाकीच्यांसाठी स्वस्त वाट आहे. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हे डीव्हीडी रेकॉर्डर जुन्या सामानात मिळतात. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही. व्हीसीआरची वायर आत, एस-व्हिडिओ बाहेर, तिथून कॅप्चरकडे. त्यांचं आतलं मंडल ओळी चांगल्या ताठ करतं. डीव्हीडीचा ड्रॉवर बिघडलेला असला तरी या कामाला चालतो, फक्त इनपुटचं चित्र आरपार येतं ना हे बघून घ्या. त्या बदल्यात चित्र थोडं गुळगुळीत होतं, मातीचे कण आणि अंगावरचा घाम जरा पुसल्यासारखा दिसतो. हलणाऱ्या चित्रापेक्षा ते परवडलं.

व्हीसीआर घेताना एस-व्हिडिओ आउटपुट असलेला एस-व्हीएचएस शोधा. साध्या व्हीएचएस कॅसेटलाही त्याचा फायदा होतो. टेपवर प्रकाश आणि रंग मुळात वेगळे असतात. पिवळ्या वायरीत ते एकत्र होतात, पुढे कॅप्चर कार्ड ते पुन्हा सोडवायला बसतं, आणि लंगोटाच्या लाल कडेवर मुंगळे चालल्यासारखे ठिपके येतात. मंडळात कोणी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेलं पोर असेल तर आणखी एक मार्ग आहे. हेडच्या ॲम्प्लिफायरवरूनच कच्चा आरएफ सिग्नल संगणकात घ्यायचा आणि व्हीएचएस-डीकोड या मोफत सॉफ्टवेअरने चित्र तयार करायचं. त्यात टीबीसीचं काम सॉफ्टवेअर करतं. पण झाकण उघडून वायर डागायची तयारी हवी आणि मोकळ्या डिस्क भरपूर हव्यात.

प्रश्न: अमेरिकेतल्या नातेवाइकांमार्फत पॅनासॉनिक एजी-१९८०पी मागवतो आहे. शेवटी 'पी' आहे म्हणजे पाल ना?
(गडहिंग्लज)

उत्तर: थांबा. सोनीच्या व्यावसायिक यंत्रांत शेवटचा 'पी' म्हणजे पाल, पण एजी-१९८०पी हे एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचं आहे. नावाजलेलं मशीन आहे, तुमच्या कॅसेटसाठी निरुपयोगी. आपल्याकडे ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं), तिकडे ५२५ ओळी आणि ६० फील्डच्या जवळपास. ड्रमचा वेगच वेगळा. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून वीज मिळेल, चित्र मिळणार नाही. जेव्हीसीत शेवटी 'ई' म्हणजे पाल आणि 'यू' म्हणजे अमेरिकन. पॅनासॉनिकच्या पालमध्ये एनव्ही-एफएस२०० किंवा एनव्ही-एचएस१००० शोधा, दोन्हींत टीबीसी आहे. अक्षरावर विसंबू नका, मागच्या पाटीचा फोटो मागवा आणि व्होल्टेज, हर्ट्झ आणि पाल हे तिन्ही वाचा.

प्रश्न: २०१९ च्या पुरात आमच्या शाहूपुरीतल्या दुकानात पाणी आलं. भिजलेल्या ४० कॅसेट वाळवून ठेवल्या आहेत, आत गाळ दिसतो. आता चांगलं व्यावसायिक मशीन विकत घेतलं आहे. त्यात चालतील?
(व्यापारी, शाहूपुरी)

उत्तर: त्या मशीनमध्ये एकही घालू नका. सुकलेला गाळ म्हणजे बारीक वाळू. ती टेपवर ओरखडा ओढते आणि ड्रमवर बसून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही ओढते. गुंडाळूनही बघू नका, थर चिकटलेले असले तर चुंबकीय लेप सोलून निघतो.

कॅसेटचे पाच स्क्रू काढून टेपच्या चकत्या उचला. तोंडावर एन-९५ मास्क, काम गॅलरीत, कारण बुरशीची भुकटी छातीत जाते. चकतीच्या बाजू मऊ ब्रशने झाडा. चकती एकसंध आणि कोरडी असेल तर ती नव्या, स्वच्छ कवचात बसवा आणि हाताने दोन वेढे सोडवून बघा. सहज सुटले तरच पुढे. गाळ थरांच्या आत शिरलेला असेल तर चकती डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, पाणी बदलत, गाळ सुटेपर्यंत धुवावी लागते आणि मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर अनेक दिवस सुकवावी लागते. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार टेपवर राहतात. ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. पहिली चकती सगळ्यात कमी महत्त्वाच्या कॅसेटची घ्या.

चालवण्यासाठी एक स्वस्त, घरगुती व्हीसीआर वेगळा ठेवा. प्रत्येक कॅसेटनंतर त्याचा ड्रम आणि मार्ग पुसा. पहिल्याच फेरीत कॅप्चर चालू ठेवा, दुसरी फेरी मिळेल असं धरू नका. आणि हे काम कोल्हापुरी पावसाळ्यात काढू नका. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा एवढा असतो की सुकलेली टेप पुन्हा दमट होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले.

प्रश्न: एका तासाच्या कॅसेटला डिस्कवर किती जागा धरू? थेट एमपी४ केलं तर काय बिघडतं?
(इचलकरंजी)

उत्तर: पालचं ७२० बाय ५७६ चित्र ८ बिट ४:२:२ मध्ये, काहीही न दाबता, तासाला सुमारे ७५ जीबी होतं. १० बिटमध्ये १०० जीबीच्या आसपास. एफएफव्ही१ या पद्धतीने एकही बिट न गमावता साधारण निम्मं. डीव्ही १३ जीबी. आम्ही एफएफव्ही१ची मूळ प्रत दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायला सांगू, आणि नातेवाइकांना पाठवायला तिच्यावरून एमपी४.

थेट एमपी४ करताना बिघडतं ते हे, की बहुतेक डबे दोन फील्ड मिसळून २५ पूर्ण फ्रेम बनवतात. मूळ टेपवर सेकंदाला ५० वेगळे क्षण होते, त्यातले निम्मे गेले. वरातीतला लेझीमचा हात किंवा कुस्तीतली ढाक त्यात धूसर होते, आणि कॅसेट पुन्हा चालवल्याशिवाय ते परत येत नाही. कॅप्चर करताना इंटरलेस (दोन वेगळी फील्ड) तसंच ठेवा, खालची तुटक पट्टी कापू नका, आणि पांढरा रंग आधी तपासा. सनगनचा झोत पडलेला पांढरा फेटा २३५च्या, म्हणजे डिजिटल पांढऱ्याच्या ठरलेल्या पातळीच्या, वर गेला तर काही कार्डं तो तिथेच छाटतात. टीबीसीवर व्हिडिओ लेव्हलचं बटण असतं. फेट्याच्या घड्या दिसेपर्यंत ते खाली आणा आणि मगच रेकॉर्ड दाबा.